अकरा विजय, दोन पराभव : सांगोल्याचे गणपतराव देशमुख

कोरडवाहू

गणपतराव देशमुखांवर कुणी लिहायला बसलं की पहिल्या तीन ओळींत एसटी येतेच. आमदार असून एसटीनं फिरायचे, आमदार निवासात साधं जेवायचे, किती साधा माणूस. सगळं खरं आहे आणि मीही ते ऐकतच मोठा झालो. पण साधेपणावर माणूस एकदा निवडून येतो, फार तर दोनदा. अकरा वेळा येत नाही. साधे आणि पडलेले उमेदवार प्रत्येक तालुक्यात ढिगानं सापडतील.

म्हणून हा धागा जरा उलट्या बाजूनं काढतोय. विजयांची यादी सगळ्यांना माहीत असते : १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला, पक्ष शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, दोन्ही शेवटपर्यंत तेच. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा वय पस्तीस, अकराव्या वेळी अठ्ठ्याऐंशी. गंमत म्हणजे जन्म सांगोला तालुक्यातला नाही, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकील माणूस, सांगोल्यात आला आणि तिथलाच झाला.

आता या यादीतल्या दोन फटी बघा. १९७२ ला काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले. १९९५ ला पुन्हा काँग्रेसकडूनच, शहाजीबापू पाटलांकडून, तेही फक्त १९२ मतांनी. वय तेव्हा अडुसष्ट. तीस-बत्तीस वर्षांच्या राजकारणानंतर या वयात, इतक्या थोड्या मतांनी पडलेला माणूस एक तर कोर्टात जातो, नाही तर घरी बसतो, नाही तर पक्ष बदलतो. हे साडेचार वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा उभे राहिले आणि पुढच्या चार निवडणुका सलग जिंकले.

मला त्या साडेचार वर्षांबद्दल बोलायचंय. आमदारकी नसताना या माणसाकडे असं काय होतं, की तालुका पुन्हा त्यांच्याकडेच आला?

माझं उत्तर : सूतगिरणी. पण आधी तुमचं ऐकतो.

आकडेमोड्या

चांगला विषय. सुरुवातीलाच दोन दुरुस्त्या करतो, नाही तर खाली कुणी तरी ‘विश्वविक्रम’ लिहीलच.

एक, अकरा विजय हा महाराष्ट्रातला विक्रम आहे, देशातला नाही. करुणानिधी तमिळनाडूत तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत, फक्त मतदारसंघ बदलत राहिले. ‘एकाच मतदारसंघातून’ अशी अट घातली तरी केरळात के. एम. मणी आहेत, पाला मतदारसंघातून तेरा वेळा. पुथुपल्लीचे ओमन चंडी बारा वेळा. आपल्याकडे सध्याच्या मंडळींत कालिदास कोळंबकर २०२४ ला नवव्यांदा आले, म्हणजे अकरा अजून लांब आहे.

दोन, ‘चौपन्न वर्षं आमदार’, ‘पंचावन्न वर्षं आमदार’ असं सगळीकडे छापून येतं. ६२ ते ७२ दहा, ७४ ते ९५ एकवीस, ९९ ते २०१९ वीस. बेरीज एक्कावन्नच्या आसपास. एक्कावन्न काय कमी आहेत का, उगाच फुगवायचं कशाला.

बोरीबाभळ

एसटीचं हसण्यावारी नेऊ नका हो. आमच्याकडं एसटीत खिडकीवर रंगवलेलं असायचं, आमदार-खासदारांसाठी राखीव. शाळेत जाताना रोज त्याच शिटावर आम्ही बसायचो, कारण ते हमखास रिकामं. त्या पाटीचा अर्थ आम्हाला आबासाहेबांमुळं, म्हणजे गणपतरावांमुळं कळला. बाकी महाराष्ट्रात ती नुसती पाटीच होती.

पण सूतगिरणीशी सहमत. माझी आत्या महिलांच्या सूतगिरणीत होती. पहाटेची पाळी असली की भोंग्याच्या आधी उठायची. संध्याकाळी घरी आली की केसात, भुवयांत, पदराच्या घडीत कापसाची पिंजर. आजी म्हणायची, म्हातारी होऊन आली बघा. तुटलेला धागा दोन बोटांनी जोडायचा, चाक थांबू न देता. जत्रेत कधी फुलांचा गजरा ओवताना दोरा तुटला तरी तिची बोटं आपोआप तशीच वळायची.

शेवटची चारी

आरती चालू आहे तर थोडा खडा टाकतो.

एक्कावन्न वर्षं आमदार, आणि सांगोला म्हटलं की काय आठवतं? दुष्काळ. चारा छावण्या. टँकर. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला आमचं गाव आहे. टेलला पाणी येतं म्हणजे काय येतं, हे टेलला राहणाऱ्यालाच कळतं. वरच्यांचा ऊस भिजून उरलं तर आमची ज्वारी. कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचं काम कृष्णा खोरे महामंडळ आलं तेव्हा, १९९६ नंतर सुरू झालं आणि पाणी इकडं पोचेपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. माणूस स्वच्छ होता, मान्य. पण आमदार स्वच्छ असून शेत कोरडं राहिलं तर मी त्या स्वच्छतेचं काय करू?

कोरडवाहू

@शेवटची चारी, खडा योग्य जागी पडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्कावन्नपैकी सत्तेत किती, ते बघा. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, ते सरकार फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं. नंतर थेट १९९९, विलासरावांच्या सरकारात पणन आणि रोजगार हमी. २००२ मध्ये शेकापनं पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. दोन्ही मिळून जेमतेम चार वर्षं. उरलेला काळ विरोधी बाकावर, किंवा ज्यांना कुणी विचारत नाही अशा छोट्या पक्षाच्या बाकावर. उपसा सिंचन योजना ही काही आमदार निधीतून होणारी गोष्ट नव्हे. कृष्णेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं, कराड, कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ पार करत सांगोल्याला आणायचं. वाटेतल्या प्रत्येक तालुक्यात एकेक वजनदार नेता बसलेला. त्यात आपला माणूस शेपटाला.

मग त्यांनी केलं काय? आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींबरोबर वर्षानुवर्षं बसले. दुष्काळी तेरा तालुक्यांची ती परिषद. शेजारच्या तालुक्याशी भांडून पाणी ओढण्यापेक्षा सगळ्या दुष्काळी तालुक्यांनी एकत्र मागायचं, हा त्यातला डाव. हळू चालणारा डाव, त्याचं श्रेय निवडणुकीत एकट्याला घेता येत नाही. पुढं उपशाच्या वीजबिलात शासनानं ८१ टक्के भरायचे आणि शेतकऱ्यानं १९ टक्के, असं ठरलं. त्याशिवाय त्या योजना चालणंच शक्य नव्हतं. तेही एका माणसाचं काम नाही, पण अशा मागण्या वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्यांत हे होते.

तरी तुमचा प्रश्न उरतोच. सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी लवकर आलं असतं का? कदाचित हो. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. शेजारचे कितीतरी तालुके तसेच ओले झालेत.

आता सूतगिरणी. सांगोला तालुक्यात कापूस पिकत नाही. सूतगिरणी काढायची तर कापूस बाहेरून आणायचा, सूत बाहेर विकायचं, मधे फक्त इथले हात. कुणीही शहाणा माणूस नको म्हणाला असता. साखर कारखाना काढला असता तर गोष्ट सोपी होती, आमदाराच्या मागं ऊसवाले आपोआप उभे राहतात. पण ऊस म्हणजे पाणी, आणि पाणी तर नाही. मग ज्याला पाणी लागत नाही असा धंदा. शेतकऱ्यांचे शेअर घेऊन शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली, मग महिलांची वेगळी. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्या एकेक करून बंद पडत, अवसायनात जात असताना ही नफ्यात चालली.

माझं म्हणणं इतकंच : १९९५ ला आमदारकी गेली, पण पगाराच्या दिवशी ज्या घरांत पाकीट येत होतं ती घरं कुठं गेली नाहीत.

खटारावाला

रायगडकर हजर. आमच्याकडे शेकापला शेकाप कमी आणि निवडणूक चिन्हावरून खटारा (बैलगाडी) जास्त म्हणायचे, म्हणून हे नाव.

मूळ प्रश्नाला एक वेगळी बाजू जोडतो. आबासाहेबांची कारकीर्द पक्षाच्या आलेखाशेजारी ठेवून बघा. १९६२ ला शेकापचे पंधरा आमदार, १९६७ ला एकोणीस. १९७२ ला सात, तेव्हा काँग्रेसची लाट होती, २७० पैकी २२२ जागा. त्या सातांत सांगोला नव्हतं. १९७८ ला तेरा. १९९९ ला पाच. २००४ ला फक्त दोन, त्यातले एक हे. २०१४ ला तीन : अलिबाग, पेण आणि सांगोला.

म्हणजे पक्ष वितळत गेला तसा हा माणूस पक्षाचा मोठा हिस्सा होत गेला. आमच्याकडे रायगडात शेकाप म्हणजे संघटना, घराणं, जिल्हा परिषद, भांडणं, सगळं. आमच्या जिल्हा परिषदेतल्या भांडणाचीच तर झळ २००२ ला मुंबईपर्यंत गेली. बाकी पश्चिम महाराष्ट्रात शेकाप म्हणजे आबासाहेब, एवढंच उरलं होतं. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, दत्ता पाटील, अशी विधिमंडळ दणाणून सोडणारी माणसं या पक्षात होऊन गेली. आबासाहेब भाषणानं सभा गाजवणारे नव्हते. पण टिकले ते.

पुणेकर नसलेला

जातीचं कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे, आबासाहेब त्याच समाजाचे. हे धरल्याशिवाय चर्चा अर्धी.

आकडेमोड्या

धरा की. पण मग १९७२ आणि १९९५ कसं समजवाल? समाज तोच, उमेदवार तोच. जात पाया देते, पण १९२ मतांचा हिशेब जातीनं लागत नाही. आणि महाराष्ट्रात धनगरबहुल मतदारसंघ बरेच आहेत, अकरा वेळा निवडून आलेला आमदार एकच.

१९९५ ची आणखी एक गंमत. त्या वर्षी काँग्रेस राज्यभर आपटली, ८० जागांवर आली, पहिल्यांदा युतीचं सरकार आलं. आणि ज्या साली काँग्रेसचे दिग्गज पडत होते, त्याच साली काँग्रेसनं सांगोला घेतलं. वाऱ्याच्या उलट.

बोरीबाभळ

आमच्याकडं जुनी माणसं सांगतात, ९५ ची निवडणूक फेब्रुवारीत होती, निम्मी माणसं ऊसतोडीला नाहीतर मेंढरं घेऊन बाहेर. आबासाहेबांचा मतदार गावातच नव्हता. १९२ काय, दोन टोळ्या घरी असत्या तर निकाल फिरला असता.

आकडेमोड्या

ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. १९९० चं मतदानसुद्धा फेब्रुवारीत होतं, ८५ चं मार्चमध्ये. दोन्ही वेळा टोळ्या बाहेरच होत्या आणि दोन्ही वेळा ते जिंकले. उलट २०१९ ची निवडणूक ऑक्टोबरात होती, माणसं घरी होती, आणि शेकाप पडला.

बोरीबाभळ

हां, ते बी खरं. आमच्या आज्याला सांगायला पाहिजे होतं, त्यानं तीस वर्षं हेच कारण धरलं.

निवृत्त मास्तर

९५ ला मी मतमोजणीच्या ड्युटीवर होतो, दुसऱ्या जिल्ह्यात. नव्या पिढीला १९२ म्हणजे काय हे यंत्रामुळं कळत नाही, म्हणून लिहितो.

कागदी मतपत्रिका. पेट्या उघडायच्या, घड्या सरळ करायच्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. आमच्या केंद्रावर ते गठ्ठे ड्रममध्ये एकत्र मिसळायचे आणि मग टेबलांवर वाटायचे. म्हणजे कुठल्या गावानं कुणाला किती दिली, हे त्या रात्री आम्हालाही कळायचं नाही. आता यंत्रावर केंद्रनिहाय आकडा हातात येतो आणि दुसऱ्या दिवशी गावात कुणाकडे बघून कोण हसत नाही हे सुरू होतं.

मतपत्रिकेवर बाणफुलीचा शिक्का. शाई ओली असताना घडी घातली की समोर दुसऱ्या चिन्हावर फुसकट उमटायचं. मग प्रतिनिधी भांडणार, हे आमचं, ते तुमचं. त्या फुलीचे बाण एका बाजूला वळलेले असायचे ते त्यासाठीच. घडीनं उमटलेली फुली आरशातल्यासारखी उलटी दिसते. पहाटे चारला, चष्मा पुसत, एकेक फुली उजवीकडे वळली की डावीकडे हे बघत बसायचो. फरक पाच हजारांचा असला की कुणी हट्ट धरत नाही. फरक दोनशेच्या आत आला की एकेका कागदावर हॉलमधली सगळी माणसं वाकतात.

कोरडवाहू

मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला. फुलीचे बाण वळलेले असतात हे माहीत होतं, कशासाठी ते आज कळलं.

पुणेकर नसलेला

२०१९ वर या आता. खरी परीक्षा तीच होती ना, माणूस नसताना.

खटारावाला

त्यावर मी थोडं कडू बोलणार.

वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी आबासाहेबांनी थांबायचं ठरवलं. पक्षानं आधी भाऊसाहेब रूपनरांचं नाव पुढं केलं. घराबाहेरचा माणूस. शेकापच्या तत्त्वाला धरून. कार्यकर्ते ऐकेनात, आम्हाला देशमुखच पाहिजेत. शेवटी नातू, डॉ. अनिकेत देशमुख. आणि पडले, ७६८ मतांनी, पुन्हा शहाजीबापूंकडूनच, यावेळी शिवसेनेकडून. म्हणजे ९५ नंतर बापूंना चोवीस वर्षं थांबावं लागलं.

ज्या माणसानं आयुष्यभर घराण्याच्या राजकारणाविरुद्ध पक्ष चालवला त्याच्या कार्यकर्त्यांनीच घराणं मागितलं. आमच्या रायगडात हे पूर्वीच झालं होतं, त्यामुळे मला धक्का बसला नाही. पण सांगोल्याकडून अपेक्षा वेगळी होती.

आकडेमोड्या

अवांतर : ७६८ म्हणजे १९२ च्या बरोब्बर चौपट. काही अर्थ नाही, पण नजरेत आलं तर लिहावंच लागतं.

शेवटची चारी

@खटारावाला, इथं मी आबासाहेबांच्या बाजूनं. उमेदवार बदलला म्हणून पडले म्हणायचं तर ७६८ मतांना कुठलंही कारण पुरतं. रूपनर असते तर आणखी जास्तीनं पडले असते किंवा आरामात निघाले असते. हे ठरवणार कोण?

आणि बापूंना नुसतं गुवाहाटीच्या ‘काय झाडी, काय डोंगार’वरनं ओळखू नका. त्या एका फोनमुळं सांगोला देशाला माहीत झालं, ते ठीक. पण त्या माणसानं चोवीस वर्षं पडून पडून पुन्हा लढायचं सोडलं नाही. चिकाटीचं कौतुक करायचं तर दोघांचं करा. एकमेकांशिवाय या दोघांची गोष्ट पुरी होत नाही.

कोरडवाहू

हे मान्य. माझ्या मूळ लिखाणात बापू फक्त ‘१९२’ या आकड्याचे धनी होते, ते चुकलंच.

पुढचंही नोंदवून ठेवतो. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा फडणवीस आणि शरद पवार एकाच व्यासपीठावर होते, राष्ट्रवादी फुटून दीड महिना झाला नसेल. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच उभे राहिले. तिरंगी लढत झाली, शहाजीबापू शिंदेंच्या सेनेकडून आणि दीपकआबा साळुंखे ठाकऱ्यांच्या. बाबासाहेब पंचवीस हजारांहून जास्त मतांनी आले. सबंध राज्यात शेकापचा एकच आमदार, आणि तो सांगोल्याचा.

खटारावाला

आणि अलिबागला, पेणला शून्य. चोळा मीठ.

पुणेकर नसलेला

डाळिंबाचं राहिलं. सांगोल्याचं राजकारण बोलायचं आणि डाळिंब नाही?

शेवटची चारी

राहिलं नाही, टाळलं. बागा आहेत कुठं आता? १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेत लावलेलं डाळिंब, मग अजनाळ्यासारख्या गावांत शेततळी, बंगले, गाड्या. डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातनं सुटली. त्यानंतर खोडकिडीनं बागांच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. माझ्या दोन एकराचं सरपण झालं. तेल्या रोगातून एकदा सावरलो होतो, यातून नाही. त्यावर वेगळा धागा काढा, इथं नको.

बोरीबाभळ

मास्तर, एक विचारायचं होतं. त्या ९५ च्या मोजणीत बाद मतं कसली असायची? लोक चुकायचे का मुद्दाम करायचे?

निवृत्त मास्तर

दोन्ही. काही कोरे, काहींवर शिक्क्याऐवजी अंगठा. सगळ्यात जास्त मात्र दोन शिक्क्यांचे. एक या उमेदवाराला, एक त्याला, दोन्ही अगदी नीट, चौकटीच्या मधोमध. असा पहिला कागद हातात आला तेव्हा मी म्हटलं, म्हातारा गोंधळला असेल. शेजारचा तलाठी म्हणाला, गोंधळला नाही मास्तर, दोघंही त्याच्या घरी चहा पिऊन गेले असतील.

सकाळपर्यंत आमच्या टेबलावर अशांचा दीडशेचा गठ्ठा झाला होता.